दहावी आज्ञा आणि जावेची मशीन

पास्टर रत्नदीप दहाव्या आज्ञेवर अगदी रंगात आले होते, तेवढ्यात चर्चच्या दारात पार्सलवाला येऊन उभा राहिला.

नाचणगावची मंडळी बावीस घरांची. बावीसही घरांनी एकदम माना वळवल्या. रविवारी दहा ते बारा हे लोक घरी सापडत नाहीत आणि चर्चमध्ये हमखास सापडतात, हे पार्सलवाल्याला वर्षभरात पाठ झालं होतं. त्याने खोका वर धरला. बायांच्या बाजूला चार-पाच जणी अर्धवट उठल्यासुद्धा. आपण काही मागवलेलं नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनाही वाटलं, कोण जाणे, असेल आपलंच.

"रत्नदीप कोण आहे इथं?" पार्सलवाल्याने विचारलं.

शेजाऱ्याच्या बैलावर आणि गाढवावर डोळा ठेवू नका, असं सांगता सांगता पास्टर तोंड उघडं ठेवूनच थांबले. खोक्यात पांढरेशुभ्र बूट होते. पास्टर नागपूरचे, वयाने तिशीतले, आणि हुशार. आधी लाल झाले, मग त्यांनी तो खोका सगळ्यांसमोर उघडून वेदीजवळ ठेवला आणि म्हणाले, "पाहा. मी स्वतःलासुद्धा सोडत नाही. माझं मन या बुटांत अडकलंय. तुमचं कशात अडकलंय? यंदाच्या हंगामाच्या सणाला भोपळे आणू नका. भोपळ्यात कोणाचं मन अडकत नाही. ज्यात अडकलंय ते आणा."

मंडळीने "आमेन" म्हटलं. आमेन म्हणायला काही लागत नाही.

बायांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसलेली उज्वला मात्र आमेन म्हणायची विसरली. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. तो पवित्र आत्म्याचा असावा असं तिला वाटलं, आणि माणसाला एकदा असं वाटलं की त्याला कोणी अडवू शकत नाही.

उज्वलाचं मन कशात अडकलंय हे सांगायला पास्टरांची गरज नव्हती. तिच्या धाकट्या जावेकडे, वर्षालीकडे, कपडे धुवायची मशीन होती. साधी नव्हे. समोरून गोल काचेचं दार असलेली. दोन्ही घरांच्या मध्ये एक कुंपण. कुंपणाच्या अलीकडे उज्वला आणि तिचा नवरा कैलास, दोन एकर वांगी, भेंडी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. पलीकडे दीर धनंजय, त्याची पुलगावातली नोकरी, वर्षाली आणि ती मशीन. उज्वला रोज सांभाराची एक जुडी घेऊन जावेकडे जायची. एवढा सांभार खाऊन वर्षालीच्या घरचे हिरवे व्हायचे बाकी होते, पण उज्वला थांबत नव्हती, कारण जुडी दिल्यावर मशीनसमोर जरा वेळ उभं राहता यायचं. आत कपडे गरगर फिरायचे. धनंजयचा निळा शर्ट वर जायचा, खाली यायचा, फेसात बुडायचा. उज्वलाला टीव्हीवरच्या कुठल्याही मालिकेपेक्षा ते बघायला आवडायचं. मग घरी येऊन ती कैलासची चिखलाने कडक झालेली पॅन्ट दगडावर आपटायची आणि प्रत्येक आपटण्याला मनातल्या मनात वर्षालीचं नाव घ्यायची.

दहावी आज्ञा तिला तोंडपाठ होती, आणि तिच्यात फट कुठे आहे हेही. लोभ धरायचा नाही तो शेजाऱ्याच्या वस्तूचा. जाऊ म्हणजे शेजारी नव्हे, जाऊ म्हणजे घरचं माणूस. घरच्या माणसाच्या वस्तूवर डोळा ठेवला तर त्याला लोभ म्हणत नाहीत, आपुलकी म्हणतात. हा अर्थ तिने स्वतःच काढला होता आणि पास्टरांना मुद्दामच विचारला नव्हता.

आता हंगामाचा सण. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंडळीतलं प्रत्येक घर शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतं आणि मग त्याचा लिलाव होतो. बाकी ठिकाणी हा लिलाव पैशात होतो. नाचणगावची रीत वेगळी. इथे बोली लागते रोजाची. एक रोज म्हणजे एका दिवसाची मजुरी. भोपळ्याला चार रोज बोली लागली, तर घेणाऱ्याने चार दिवस अशा घरच्या शेतात राबायचं, जिथे राबायला हात नाहीत. यंदा ते घर सखूबाईचं होतं. सखूबाई सत्तरीची, नवरा नाही, मूल नाही, अडीच एकर कपाशी. कापूस फुटून पांढरा झाला होता आणि वेचायला बाई मिळत नव्हती.

दुसरी रीत त्याहून मजेची. वस्तू घेतली की लिलाव करणारा सगळ्यांसमोर विचारतो, "घरी का टेबलावर?" टेबलावर म्हटलं की ती वस्तू परत लिलावात जाते आणि पुन्हा बोली लागते. घरी म्हणायला मनाई नाही, फक्त म्हणणाऱ्याकडे सगळे जरा बघतात. मागच्या वर्षी एक भोपळा सात वेळा विकला गेला होता, आणि शेवटी तो कोणाच्या घरी गेला ते कोणालाच आठवत नव्हतं.

उज्वलाचा बेत असा, की वर्षालीने मशीन टेबलावर ठेवायची आणि आपण ती रोजावर घ्यायची. पैसा नको, पाप नाही, वर देवकार्य. फक्त वर्षालीला तयार करायचं राहिलं होतं.

बुधवारी महिला मंडळाची सभा होती. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. चर्चमध्ये कोणाची चहाडी करता येत नाही, ते पाप आहे. प्रार्थनेची विनंती मात्र करता येते.

"माह्या जावेसाठी प्रार्थना करा," उज्वला मान खाली घालून म्हणाली. "तिचं मन त्या मशीनमंदी लय अडकून राह्यलं. मले पाह्यवत नाई."

वर्षाली चार हातांवरच बसली होती. तिला काही बोलायची सवडच मिळाली नाही, कारण बारा बायांनी डोळे मिटले आणि एकीमागून एक प्रार्थना सुरू केली. आठवी बाई होईस्तोवर मशीनचा रंग कोणता, ती किती किलो कपडे घेते आणि पाणी गरमसुद्धा कशी करते, हे सगळं देवाला कळून चुकलं होतं. शेवटचं आमेन झालं. वर्षालीने डोळे उघडून उज्वलाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं ताई," ती म्हणाली. "तुमाले एवढं वाटते, तं आणतो मी मशीन."

इतक्या सहज ती कशी तयार झाली, याचा विचार उज्वलाने करायला हवा होता. पण तिने तो केला नाही, ती घरी जाताना रस्त्यात चक्क भजन गुणगुणत होती.

कैलासला तिने यातलं काही सांगितलं नाही. कैलास अबोल माणूस. दिवसभर वाफ्यात, संध्याकाळी बाजेवर. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "कायले पाह्यजे?" आणि या प्रश्नाला उज्वलाकडे उत्तर नव्हतं. कैलासही त्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्तच गप्प होता, पण गप्प माणूस जास्त गप्प झालेला कळणार कसा?

सणाच्या दिवशी चर्च ओळखू येईना. दारात उसाची कमान होती, ती दरवर्षीचीच. आत उजवीकडे बाया, डावीकडे माणसं, सगळे दरीवर, म्हणजे सतरंजीवर, तेही दरवर्षीचंच. मधल्या वाटेवर दारापासून वेदीपर्यंत पीक मांडायची पद्धत. तिथे दरवर्षी भोपळे, वांगी, तुरीच्या शेंगा असायच्या आणि त्यांच्यावरून पलीकडच्यांची तोंडं दिसायची. यंदा तिथे तीन कूलर उभे होते. त्यांच्यामागे एक लोखंडी कपाट, चपला ठेवायची उंच घडवंची, पाच मिक्सर, दोन रोटी मेकर, पोट कमी करायचा पट्टा आणि भाजी कापायची इतकी यंत्रं, की गावात तेवढी भाजी पिकत नव्हती. ज्यात मन अडकलं ते आणा, असं पास्टरांनी सांगितलं होतं. मंडळीने जे बंद पडलं होतं ते आणलं. मोठ्या वस्तूंची रांग माणूसभर उंच झाली आणि डावीकडचे उजवीकडच्यांना दिसेनासे झाले.

सगळ्यात पुढे, वेदीसमोर, सुताराकडून आणलेल्या पाटावर वर्षालीची मशीन होती. तिला तिने हार घातला होता.

लिलावाला बापूराव उभे राहिले. ते रेल्वेतून रिटायर झालेले, गाडीची घोषणा करावी तसा आवाज. प्रत्येकाच्या हातात ज्वारीचं एक कणीस दिलेलं होतं. बोली लावायची म्हणजे तोंडाने काही बोलायचं नाही, कणीस वर करायचं. बापूराव नावही पुकारत नसत. उजव्या हाताने काय दिलं ते डाव्याला कळू नये, असं म्हणतात ना, ते या लोकांनी फार मनावर घेतलं होतं. बापूराव फक्त बाजू सांगायचे.

पहिला रोटी मेकर निघाला. "मानसांकडून दोन! बायांकडून तीन! तीन एक, तीन दोन, तीन तीन! घरी का टेबलावर?"

"घरी," आवाज आला. लाजत.

मग मिक्सर. घरी. मग कूलर. घरी. मग भाजी कापायचं यंत्र, जे ज्या घरातून आलं होतं त्याच्या शेजारच्या घरी गेलं, आणि शेजारच्या घरचं यंत्र याच्या घरी. चौथ्या-पाचव्या वस्तूपासून कोणी लाजेनासंही झालं. माणसं गुडघ्यांवर उभी राहून पलीकडच्या वस्तू न्याहाळत होती. लोभाविरुद्धचा हा सण पुलगावच्या बाजारापेक्षा जोरात चालला होता, आणि टेबलावर एकही वस्तू परत येत नव्हती. पास्टरांचे पांढरे बूट निघाले. ते तरी कोणी आदराने परत टेबलावर ठेवील, अशी पास्टरांना आशा असावी. धनंजयने ते पाच रोजात घेतले, घरी म्हणाला आणि लगेच घालून बघायला अंगणात गेला. पास्टर आपल्या चपलांकडे बघत बसले.

पुढे खुर्चीवर सखूबाई बसली होती. गुडघ्यांमुळे तिला दरीवर बसवत नसे. दर बोलीला ती बोटं मोजत होती.

"आता ही मशीन," बापूराव म्हणाले. "चालू हाय. म्या सोता पाह्यली."

आख्ख्या रांगेत तीच एक चालू होती. उज्वलाने कणीस वर केलं, इतकं वर की तिचं पोलकं उसवलं.

"बायांकडून दोन! मानसांकडून तीन!"

सुरुवातीला बरीच कणसं हलत होती. सातला ती सगळी खाली गेली. कापसाच्या दिवसांत सात दिवस दुसऱ्याच्या शेतात घालवणं गंमत नाही. उज्वलाने आठ केले आणि श्वास सोडला.

"मानसांकडून नऊ!"

उज्वला दचकली. कोण? तिने मान उंचावली, पण समोर लोखंडी कपाट. तिने दहा केले. पलीकडून अकरा. तिने बारा केले. पलीकडून तेरा. तेव्हा तिला उमगलं. धनंजयभाऊजी! जावेने सगळ्यांसमोर मशीन द्यायची, नाव कमवायचं, आणि नवऱ्याने मागून ती परत घरी आणायची! तिने वर्षालीकडे पाहिलं. वर्षाली अगदी पुढे, कोपऱ्यात बसली होती, तिथून दोन्ही बाजू दिसतात. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

संतापाने उज्वलाच्या कानशिलांना घाम फुटला. "एवढा लोभ!" ती स्वतःशी म्हणाली, आणि कणीस वर केलं.

वीस झाले. तीस झाले. बापूरावांनी मध्येच पाणी मागितलं. "बायांकडून चाळीस. मानसांकडून... एकेचाळीस." सखूबाईची बोटं केव्हाच संपली होती, ती आता बोटांची पेरं मोजत होती. उज्वलाला वांग्याची तोडणी आठवली, भेंडी जरठ होईल हे आठवलं, आणि तरी हात खाली येईना. हात तिचा राहिलाच नव्हता. पलीकडून एकदम साठ आले. उज्वला उठून उभी राहिली, दोन्ही हातांनी कणीस वर धरलं.

"बायांकडून एकसष्ट! एकसष्ट एक... एकसष्ट दोन..." बापूराव डावीकडे बघत थांबले. "एकसष्ट तीन!"

पलीकडे कोण हरलं ते बघायला उज्वला कपाटाच्या कडेने पुढे गेली. त्याच वेळी पलीकडूनही एक माणूस कोण जिंकलं ते बघायला पुढे आला. त्याच्या हातातल्या कणसाचे दाणे झडून गेले होते, नुसती काडी उरली होती. तो कैलास होता.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "तू?" कैलास म्हणाला.

आधी वर्षाली हसली, मग बायांची बाजू, मग माणसांची. पास्टर हसू आवरायला पाठ फिरवून उभे राहिले. त्याच वेळी पांढरे बूट घातलेला धनंजय अंगणातून आत आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला, त्यामुळे लोक आणखीच हसले.

बापूराव मात्र हसले नाहीत. ते नियमाचे माणूस. "थांबा," ते म्हणाले. "हे धरत नाई. या दोघायचं लगन लागलं तवा पाळकानं सांगतलं, आता तुमी दोघं नाई, एक. एका मानसानं आपल्याच बोलीवर बोली चढवली, ते बोली नाई होत. दुसऱ्याची शेवटची बोली होती सात. त्यावर उज्वलाची आठ, मंग मशीन आठ रोजात गेली."

"बरोबर आहे," पास्टर म्हणाले. त्यांनाही हे पटलं, शास्त्राच्या आधाराने कोणाचे त्रेपन्न दिवस वाचताना त्यांनी प्रथमच पाहिलं होतं.

कैलासने मान हलवली. उज्वलाच्या छातीवरचा धोंडा उतरला. आठ रोज! आठ दिवस तर ती हसत हसत कापूस वेचेल.

"आठ रोजात मशीन," कोपऱ्यातून वर्षाली म्हणाली. "बरं जमवलं ताई, दोघायनं."

उज्वला उत्तर द्यायला वळली आणि मध्येच तिची नजर सखूबाईवर पडली. मघाशी मोजलेली बोटं ती एकेक करून परत उघडत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रारही नव्हती. असंच होतं, हे आधीच ठाऊक असल्यासारखी ती बोटं सोडत होती. उज्वलाला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी.

"एकसष्ट म्हंजे एकसष्ट," ती म्हणाली.

"अवं, पन..." बापूराव.

"पन नाई न बिन नाई. हात वर केला तो माह्याच होता ना?"

यात सखूबाईची कणव किती आणि वर्षालीने मारलेल्या टोमण्याची चीड किती, हे त्या घडीला उज्वलालाही सांगता आलं नसतं. निम्मं निम्मं असेल. सखूबाईने बोटं परत मिटायला घेतली.

बापूरावांनी घसा साफ केला. रीत ती रीत. "घरी का टेबलावर?"

सगळं चर्च वळलं. एवढं झाल्यावर आता ही बाई मशीन टेबलावर ठेवणार, पुन्हा लिलाव होणार, आणि पास्टरांना पुढच्या वर्षभर सांगायला दृष्टान्त मिळणार, असं सगळ्यांना वाटलं. पास्टर तर पुढे सरसावलेही.

"घरी!" उज्वला म्हणाली. ते बाहेर उसाच्या कमानीपर्यंत ऐकू गेलं.

मशीन भाजीच्या हातगाडीवरून घरी निघाली. कैलास पुढून ओढत होता, उज्वला मागून ढकलत होती.

"तुमी कायले बोली लावली जी?" निम्म्या रस्त्यात तिने विचारलं.

"तुह्यासाठी."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू सांगतलं का?" कैलास गाडी ओढतच म्हणाला. "रोज सांभार घेऊन जातं तू तिच्याकडं. वाफा उघडा पडला माह्या. मले का समजत नाई? कुंपणाजवळून पाह्यतो ना मी. काचेसमोर उभी राह्यतं तू, अन् घरी आली का हाताले खोबरेल चोळतं. मले वाटलं, हे वर्षालीच बोली लावून राह्यली, देते अन् परत घेते. म्हटलं, होऊ दे, साठ रोज तं साठ रोज."

उज्वलाला रडू आलं. पंधरा वर्षांत हा माणूस एका दमात एवढं बोलला नव्हता, आणि बोलला ते नेमकं हे. आपण जावेच्या काचेतून दुसऱ्याच्या नवऱ्याचा शर्ट फिरताना बघत होतो आणि आपला नवरा कुंपणातून आपल्याला बघत होता, हे तिच्या मनाला फार लागलं. गाडी तशीच ढकलत ती बराच वेळ नाक ओढत राहिली. कैलासने मागे वळून पाहिलं नाही. हा त्याचा शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सखूबाईच्या कपाशीत गेली, कमरेला कापूस भरायचा ओटा बांधून. आपली वांगी आधी तोडायची, मग हिचा कापूस. एक दिवस ती, एक दिवस कैलास, कधी दोघं. मंडळीतले बाकीचेही यायचे, रोटी मेकरवाले तीन दिवस, कूलरवाले चार दिवस. आपापले रोज फेडून ते गेले, उज्वला मात्र राहिली. मशीनला नळाचं पाणी जोरात लागतं हे घरी नेल्यावर कळलं. कैलासने चार दिवस खपून पाण्याचा ड्रम ठेवायला उंच लाकडी घोडा केला, पाइप जोडला, आणि मशीन फिरली. पहिल्यांदा फिरली तेव्हा उज्वला सखूबाईच्या शेतात होती. दुसऱ्यांदाही. संध्याकाळी घरी आली, की कपडे धुतलेले असायचे, कैलास ते दोरीवर टाकत असायचा आणि उज्वलाचे डोळे उघडे राहत नसत. त्या गोल काचेसमोर निवांत उभं राहणं काही तिला जमलं नाही.

एका दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून भाकर खाताना तिने सखूबाईला सगळं सांगून टाकलं. महिला मंडळातली प्रार्थना, बेत, सगळं.

"मले का सांगतं?" सखूबाई मिरचीचा ठेचा पुढे करत म्हणाली. "मंडळात साऱ्यायले ठावूक होतं. तू खाली मान घातली तवाच समजलं. तू कवा खाली मान घालतं?"

"मंग कोणी बोल्लं काऊन नाई?"

"आमी प्रार्थना करून राह्यलो होतो ना बाई."

उज्वला हसली. मग तिने विचारलं, "माय, तुले कशाचा लोभ नाई होत का?"

"होते ना," सखूबाई म्हणाली. "जेव, अन् उठ आता. उन्हं उतरून राह्यले."

सतराव्या दिवशी कपाशीतून तिला दिसलं, की रस्त्याने एक टेम्पो चालला आहे आणि त्यात भला मोठा खोका आहे. टेम्पो वर्षालीच्या दारात थांबला. नवी मशीन होती. ती कपडे धुते तर धुते, वर वाळवूनही देते, असं रात्री धनंजयने कैलासला सांगितलं. जुनी घरात अडचण होत होती, कोणाला द्यावी हाच प्रश्न होता, तेही त्याने सांगितलं. वहिनींनी महिला मंडळात विषय काढला ते बरं झालं. उज्वलाने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी रागारागाने दोन दिवसांचा कापूस एका दिवसात वेचला.

नाताळ आला तेव्हा बावन्न रोज झाले होते आणि सखूबाईचं शेत जवळजवळ रिकामं झालं होतं. उपासनेत उपकारस्तुतीची वेळ झाली. पास्टर चपलांतच उभे होते. बूट अजून धनंजयच्या पायात होते. वर्षभरात देवाने काय दिलं ते ज्याने त्याने उठून सांगायचं. कोणी मुलाची नोकरी सांगितली, कोणी आईचं ऑपरेशन. मग सखूबाई खुर्चीचा हात धरून उठली. ती कधीच उठत नसे, म्हणून सगळे सावरून बसले आणि डोळे मिटले.

"देवा," सखूबाई म्हणाली, "तुह्ये लय उपकार. साऱ्या वऱ्हाडात वेचणीले बाई भेटून नाई राह्यली. लोकायचा कापूस झाडावर सडला. माह्यं बोंडन् बोंड घरात आलं. पास्टर साहेबायनं सांगतलं, लोभ वाईट. असन. ते शिकेल मानूस हाय. पन मले म्हातारीले आता दुसरं कोनी नाई. तं या साऱ्यायले तू ते दहावी आज्ञा शिकव, पन आरामानं शिकव. सावकाश. मी हाय तोवर नोको शिकवू. आन उज्वलाले तं बिलकूल घाई नोको करू. तिच्यासारखी वेचणारी नाई."

क्षणभर चर्चमध्ये कोणालाच कळेना, की या प्रार्थनेला काय म्हणायचं. पास्टरांचं तोंड उघडं होतं, पार्सल आलं त्या दिवशी होतं तसंच.

उज्वलाचे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांसमोर वर्षालीची नवी मशीन होती. तिला दार मोठं होतं, काच काळी होती आणि आतून कपडे कोरडे, गरम, घडीला आलेले बाहेर पडत होते. उज्वलाला ते सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढचं वर्ष अजून लांब होतं, आणि सखूबाईला पुढच्या वर्षीही कपाशीच लावायची होती.

"आमेन," ती म्हणाली. सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने.